बांधीचं तोंड बुजवू नये

कापलेल्या धानाचा शेवटचा कडपा उचलला गेला की आमच्याकडे उंदीर घर बघायला निघतात. चार महिने बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चैन केलेली असते. एका सकाळी बघतात तो डोक्यावरचं रानच गायब. मग जातील कुठे बिचारे? सगळ्यात जवळचं घर गाठतात. आज सकाळी नवेगावच्या तलावावरून वारा आला, त्याला ओल्या तणशीचा, धानाच्या पेंढ्याचा वास होता, आणि मी अंगणातच म्हटलं, आली बाई थंडी, आता उंदीरही येणार. हा वास आला की माझा हात आपोआप चिंध्यांच्या गाठोड्याकडे जातो. तीन वर्षांपासून तो गाठोड्यापाशी जाऊन थांबतो.

का थांबतो ते सांगायचं तर एका थंडीबद्दल बोलावं लागेल, आणि त्या थंडीत मी जे केलं ते बोलायला अजून जड जातं. जड जाईना का. तीस वर्षं शाळेत पोरांना ‘खरं बोला’ म्हणून दटावलं, आता एकदा स्वतः बोलून बघावं.

धानाच्या मुलखातली बाई दिवाळी आटोपली की घराभोवती एक फेरी मारते. आमच्या सासूबाई ही फेरी इतकं मन लावून मारायच्या की देवाला प्रदक्षिणाही तशी कधी घातली नसेल. एका हातात शेणामातीचा गोळा, काखेत चिंध्या. भिंत जमिनीला भेटते तिथे, उंबऱ्याच्या कोपऱ्यात, मोरीच्या कडेला, जिथे म्हणून बोट जाईल तिथे आधी चिंधीचा बोळा आणि वरून मातीचा लेप. मी नवी नवी सून. एकदा म्हटलं, ‘हे भोक तर शेजारच्यांच्या भिंतीत आहे, आपण कशाला बुजवायचं?’ सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘भोक दिसलं का बुजव व. कोनाचं आहे ते पुसू नको. उंदीर पुसून येते का?’

खोटं काय त्यात? उंदीर येतो, उंदरामागून साप येतो. भोक म्हणजे संकट, हे माझ्या हाताला इतकं पाठ झालं की पुढे मला त्याचा विचारच करावा लागेना. शाळेच्या वर्गात बसल्या जागी भिंतीतली भोकं दिसायची मला. शिपायाकडून नाही, स्वतः बुजवायची. पोरं हसायची. हसू देत, पण माझ्या वर्गात कधी साप निघाला नाही.

आता माझे धाकटे दीर. नाव विलास, पण मी त्यांना भाऊजीच म्हणते. तिरोड्याच्या वीज कारखान्यात त्यांनी उभी नोकरी सुरक्षेच्या कामात काढली. कामगाराच्या डोक्यावर टोपी आहे का, पायात बूट आहे का, शिडी नीट टेकली आहे का, हे बघत हिंडायचं. माणूस निवृत्त झाला, पण डोळे काही निवृत्त झाले नाहीत. आमच्याकडे जेवायला आले तरी आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी वाकवून बघणार आणि मग पाटावर बसणार. मी म्हणायची, भाऊजी, एक दिवस तुम्ही माझ्या पोळीलाही टोपी घालाल.

निवृत्तीनंतर त्यांच्या मनात कॅराव्हॅन भरली. जुनी मिनीबस घेतली, आतल्या खुर्च्या काढल्या, दोन पलंग बसवले, एक वरचा आणि एक अगदी जमिनीलगतचा. एवढासा ओटा, एवढीशी मोरी, मागच्या बाजूला बाहेरून उघडणारी पेटी आणि पेटीत लहान सिलिंडर. थंडीत तलावावर परदेशी पाखरं उतरतात, ती बघायला नागपूर-रायपूरकडची माणसं येतात. ती या गाडीत राहतील, आपला आपण चहा करतील, सकाळी खिडकी उघडली की समोर पाणी. गाडी उभी राहिली आमच्या शेताच्या टोकाला, तलावाच्या पाळीखाली. गावात तिला कोणी कॅराव्हॅन म्हटलं नाही. सगळे डब्बा म्हणाले, मग मीही डब्बाच म्हणू लागले. आमचे हे गेल्यापासून शेतावरचं घर मला खायला उठायचं. पाहुणे येणार, चार शब्द बोलणार, म्हणून मला तो डब्बा भारी आवडला.

डब्ब्याची देखरेख करायला सुखराम आला. चिचगडकडच्या जंगलातल्या गावाचा, पन्नाशीचा गोंड माणूस. मोहफुलं वेचली, तेंदूपत्ता तोडला, जंगलखात्याची रोजी केली, आणि थंडीचे चार महिने आमच्याकडे. बोलायचा इतकं कमी की एखाद्या दिवशी माझं त्याचं बोलणं ‘चाय ठेवू का’ आणि ‘ठेवा’ एवढ्यावरच आटपायचं. पण तलावावर कुठलं पाखरू कुठल्या कोपऱ्यात बसलं आहे ते त्याला न बघता माहीत.

एका दुपारी भाऊजी ड्रिल घेऊन डब्ब्याखाली शिरले आणि त्याच्या चांगल्या तळाला चार भोकं पाडून बाहेर आले. दोन सिलिंडरच्या पेटीत, दोन ओट्याखालच्या कपाटात. लिंबू जाईल एवढं एकेक.

‘भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे ना? चांगल्या घराला भोकं कोण पाडतं?’

‘नियम आहे वहिनी.’

‘कसला नियम?’

‘असतो तसा,’ म्हणाले आणि हात धुवायला गेले.

झालं. उभ्या जन्मात माणसाने नियम सांगितले, नियमामागचं कारण सांगायची सवयच नाही. कपाटात एक इंग्रजी चिठ्ठी मात्र डकवली. मी ती वाचली नाही. मला इंग्रजी येत नाही असं नाही, मला भाऊजींच्या चिठ्ठ्यांचा कंटाळा होता. सुखरामला त्यांनी बजावलं, रोज सकाळी खाली वाकून चारही भोकं बघायची. त्यानेही काऊन म्हणून विचारलं नाही. ‘भाऊ सांगून राह्यले म्हंजे काही असंल,’ म्हणाला.

माझ्या लहानपणी आईची चूल कवेलूच्या छपराखाली होती. चुलीचा धूर घरभर हिंडायचा आणि शेवटी कवेलूंच्या फटीफटींतून वर निघायचा. बाहेरून बघितलं तर अख्खं छप्पर चहासारखं वाफाळताना दिसायचं. पावसात तेच छप्पर गळायचं, आम्ही खाली गंज, पातेली मांडायचो आणि आई छप्पर शाकारणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. हिवाळ्यात गोरसी भरून निखारे खाटेखाली ठेवून झोपायचो आणि सकाळी ठणठणीत उठायचो. आता वाटतं, ते घर गळकं होतं म्हणूनच आम्ही उठायचो. तेव्हा कोणाला वाटलं होतं की फटसुद्धा आपली काळजी घेते आहे? मग सिमेंटची घरं आली, खिडक्यांना काचा आल्या, घर कसं डबीसारखं बंद झालं. चुलीच्या जागी गॅस आला. आम्ही सगळं नवं घेतलं आणि सवयी मात्र जुन्या घरातल्याच घेऊन आलो.

त्या वर्षी पुसात, म्हणजे पौषात, थंडीने कहर केला होता. सकाळी तलावावर धुकं इतकं की समोरचे सात बहिणींचे डोंगर दुपारपर्यंत दिसायचे नाहीत. डब्ब्यातले पाहुणे जाताना म्हणाले, ‘मावशी, सगळं छान, पण खालून फार गार वारा लागतो हो.’ आणि वर आणखी, ‘काल ओट्याखाली काहीतरी खुडबुडत होतं.’

झालं! खुडबुडत होतं म्हटल्यावर माझ्यातल्या सासूबाई जाग्या झाल्या. सोमवारी डब्बा रिकामा होता. मी झाडू, बादली आणि चिंध्या घेऊन आत शिरले. माझं एक जुनं पातळ होतं, हिरवं, लाल काठाचं. शाळेत दर पंधरा ऑगस्टला नेसून नेसून विरलेलं. त्याच्या चार पट्ट्या फाडल्या. ओट्याखालच्या दोन भोकांत दोन बोळे कोंबले, बाहेर जाऊन पेटीतल्या दोघांत दोन. बोटाने दाबून, वळवून, अगदी घट्ट. सासूबाई असत्या तर पाठ थोपटली असती. ती इंग्रजी चिठ्ठी ओल्या फडक्याने पुसताना निम्मी निघून आली, तीही मी काढून टाकली.

आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा डब्ब्याचं दार सताड उघडं होतं. तासभर. बाहेर चार पावलांवर तणशीचा ढीग. मी भोकं बुजवत होते तेव्हाच उंदीर दारातून साहेबासारखा आत गेला, आणि मग मी दार ओढून घेतलं. त्याला बाहेर पडायला ओट्याखालच्या दोन वाटा होत्या, त्या दोन्ही मीच बंद केल्या होत्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

बुधवारी संध्याकाळी नागपूरहून एक आजोबा आले, सोबत सहा वर्षांची नात तन्वी. तिला चोचीने चिखल ढवळणारं पाखरू बघायचं होतं. ‘ते जेवताना ताट बघत नाही,’ असं तिने मला गंभीर होऊन सांगितलं. मी तिच्या प्रेमातच पडले. आजोबांना किल्ली दिली, दिवा दाखवला, पाणी दाखवलं, आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, ‘आता खालून बिलकूल गार लागणार नाही.’ या ऐटीत एक गोष्ट सांगायची राहिली. झोपण्याआधी पेटीतला रेग्युलेटर बंद करायचा, हे प्रत्येक पाहुण्याला सांगायचं काम माझं होतं. आजोबांनी चहा केला, शेगडीचा खटका बंद केला आणि निवांत झोपले. त्यांच्या घरी तेवढंच करत असतील, आपण सगळेच तेवढंच करतो.

गुरुवारी उजाडता उजाडता मी दुधाची बरणी घेऊन डब्ब्याकडे गेले. खिडकीतून मला बघून आजोबांनी दार उघडलं आणि पुन्हा ओट्याकडे वळले. मी पायरीवर पाय ठेवला आणि वास आला. कुजक्या कांद्याचा, घशात जाऊन बसणारा. आणि गंमत म्हणजे तो वरून नाही, पायांकडून आला. आजोबा पाठमोरे, हसत म्हणाले, ‘या या, तुमच्यासाठीही टाकतो चहा.’ त्यांच्या हातात लायटर होता आणि अंगठा खटक्यावर.

‘हात काढा!’

मी अशी ओरडले की पाळीवरचे बगळे उडाले. तीस वर्षं वर्गावर ओरडले, ते सगळं ओरडणं जणू या एका सकाळची तयारी होती. आजोबांचा अंगठा तसाच राहिला.

‘अहो, काय झालं?’

‘लायटर खाली ठेवा. दिवा लावू नका, काहीच दाबू नका. बाहेर या. गॅसचा वास येत नाही का तुम्हाला?’

‘वास?’ म्हातारा माणूस गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. ‘त्या साथीत माझं नाक गेलं हो. परत आलंच नाही.’

मी त्यांना हाताला धरून बाहेर ओढलं आणि आत गेले. तन्वी खालच्या पलंगावर झोपली होती. जमिनीपासून वीतभर उंचीवर. गॅस जिथे साचतो तिथेच. मी तिला गोधडीसकट उचललं, आणि ती हलेना. हाक मारली तरी हलेना. त्या चार-सहा पावलांत मी कुठले कुठले देव बोलावले ते देवांनाच ठाऊक. पाळीवर आणून निजवलं, गार वारा लागला, तशी ती कुरकुरली आणि म्हणाली, ‘पाखरू आलं?’ मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. रडत होते आणि तिला सांगत होते, आलं बाळा, आलं.

माझं ओरडणं ऐकून सुखराम धावत आला होता. त्याने आधी पेटी उघडून रेग्युलेटर बंद केला, मग खिडक्या उघडल्या, मग डब्ब्याखाली सरपटत गेला. पहिला बोळा ओढला. दुसरा ओढला. तिसरा ओढला तसा त्या भोकातून धप्पकन उंदीर पडला आणि तणशीत पळून गेला. तीन रात्री कोंडलेला होता बापडा. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून जे दाताला लागलं ते कुरतडलं, आणि दाताला लागली ती नळी. सुखराम बाहेर आला. त्याच्या हातात चार हिरव्या पट्ट्या होत्या, लाल काठाच्या. त्याने काठाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पट्ट्या सदऱ्याच्या आत घातल्या.

फोन गेला, भाऊजी तिरोड्याहून मोटरसायकल हाणत दुपारी पोचले. आजोबा आणि तन्वी माझ्या घरी जेवत होते. भाऊजी डब्ब्याखाली शिरून आले, कुरतडलेली नळी हातात धरली, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा झाला. ‘भोकं बुजलेली होती म्हणता. कोणाच्या चुकीने झालं हे?’

आमच्या वर्गात काच फुटली की मी विचारायची, कोणी फोडली? चाळीस पोरं खाली माना घालून गप्प. मला त्या गप्प बसण्याचा असा राग यायचा की पट्टी टेबलावर आपटायची. त्या दुपारी मला कळलं की ते गप्प बसणं आतून कसं असतं. जीभ असते जागेवर. शब्दही असतात. मनात एकच चाललेलं असतं की आणखी एक क्षण जाऊ दे, मग बोलते. मी घरातली मोठी. मी शाळेतली बाई. गावात माझा शब्द चालतो. मी कसं म्हणू की माझ्या पातळाच्या चिंधीने एका लेकराचा जीव जात होता?

‘चुकी माझी आहे भाऊ,’ सुखराम म्हणाला.

भाऊजी त्याला खूप बोलले. रोज सांगितलं होतं, एवढं एकच काम सांगितलं होतं. सुखराम ऐकत उभा राहिला. ‘उद्यापासून येऊ नको,’ भाऊजी म्हणाले. त्याने मान हलवली, पडवीतली आपली पिशवी घेतली आणि देवरीकडच्या गाडीसाठी रस्त्याला लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर खिडकीत उभा राहून बघत होता. माझ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. नसते बोलले.

दिवेलागणीला आजोबा निघाले. जाताना मला नमस्कार करायला वाकले, ‘तुम्ही होता म्हणून माझी नात आहे,’ म्हणाले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांची गाडी गेली. मी भाऊजींना ताट वाढलं. पहिला घास घेता घेता ते म्हणाले, ‘या लोकांना कितीही सांगा वहिनी, ऐकत नाहीत.’

या लोकांना. मी वरणाचा पळा गंजात ठेवला.

‘मी बुजवलं.’

‘काय?’

‘ती भोकं मी बुजवली. सोमवारी. माझ्या पातळाने. चिठ्ठीही मीच फाडली. त्या म्हाताऱ्या माणसाला रेग्युलेटरचं सांगायलाही मीच विसरले. सुखरामने माझं पातळ ओळखलं आणि मला वाचवायला खोटं बोलला.’

भाऊजींनी ताट बाजूला सारलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘दुपारी का नाही बोलल्या?’

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं निघालो. चिचगडच्या पुढे रस्ता सागाच्या जंगलातून जातो. मोटरसायकलवर मागे बसून मी वाटभर माफीची वाक्यं जुळवत होते. सुखरामच्या अंगणात शिरलो आणि जुळवलेलं सगळं विसरले. कुंपणावर माझ्या पातळाच्या चारही पट्ट्या धुऊन वाळत घातल्या होत्या. त्याची बायको माझी नजर बघून म्हणाली, ‘चांगला कपडा आहे जी, कायले फेकाचा?’

सुखराम दोरी वळत बसला होता, तो उठला. मी त्याच्या बायकोसमोर, भाऊजींसमोर त्याला हात जोडले. म्हटलं, ‘सुखराम, मला माफ कर. तू माझ्यासाठी खोटं बोललास आणि मी गप्प राहिले.’

तो असा अवघडला की दोरी पुन्हा हातात घेतली. ‘तुमच्यासाठी कायले खोटं बोलीन मी?’

‘मग?’

‘भाऊनं पुसलं, चुकी कोनाची. मी म्हनलो माझी. मंग? रोज सकारी वाकून पाहाचं काम माझं होतं. दोन दिवस तनीस रचून राह्यलो होतो, थंडीत वाकाचा कंटाळा आला, नाही वाकलो. वाकलो असतो तं बोळे दिसले असते. बोळा तुमचा जी, पाहाचं माझं. तुमचं तुमी सांगाल म्हनलो, मी कायले सांगू?’

मी एवढी शिकलेली बाई, रात्रभर त्याला मोठ्या मनाचा, त्यागी वगैरे करून बसले होते. त्यात माझी सोय होती. त्याने माझं ओझं उचललं म्हटलं की मला नुसतं उपकारात राहता येत होतं. आणि हा माणूस शांतपणे सांगत होता की त्याने फक्त त्याचं तेवढं उचललं होतं. माझं माझ्यासाठी तिथेच ठेवलं होतं, हात न लावता. ते मीच दिवसभर पडू दिलं होतं.

काळा चहा आला. भाऊजी पेला हातात धरून बसले. मग सुखराम म्हणाला, ‘पन भाऊ, एक सांगा. ते भोक काऊन पाडलं होतं?’

आणि भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा नियमामागचं कारण सांगितलं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, खाली उतरतो आणि जमिनीवर साचतो. घर मोठं असलं तर थोडाफार पांगतो. डब्ब्यात जागाच नाही. तळाला वाट असेल तर निघून जातो, नसेल तर भरत राहतो.

‘म्हंजे पान्यासारखा,’ सुखराम म्हणाला.

‘हो. पाण्यासारखाच.’

‘मंग भोक कायले म्हंता भाऊ? ते तं बांधीचं तोंड आहे!’

धानाच्या बांधीत पाणी साठवायचं असतं, म्हणून चारी बाजूंनी धुरा, मातीचा बांध घालतात. पण उताराच्या अंगाला त्या धुऱ्याला एक तोंड ठेवतात. जास्तीचं पाणी तिथून निघतं. ते तोंड जर कोणी बुजवलं तर पाणी धुराच फोडून नेतं, आपलाही आणि खालच्या शेजाऱ्याचाही. इथलं शेंबडं पोरसुद्धा कोणाच्या बांधीच्या तोंडाला हात लावत नाही. सुखरामची बायको दारातून म्हणाली, ‘असं सांगतलं असतं तं मी तिकून येऊन राखन बसली असती.’ भाऊजी खाली मान घालून म्हणाले, ‘भोक मी पाडलं. सांगायचं माझं होतं.’

त्या अंगणात तिघांनी आपापलं उचललं तेव्हा मला दिसलं की कोणाचंच ओझं जगावेगळं नव्हतं. एकाने कारण सांगितलं नाही, एक वाकला नाही, एकीने विचारलं नाही. असं प्रत्येक घरात रोज होतं. त्या सकाळी ते तिन्ही एका जागी साचलं होतं, आणि त्याच्यावर एक लेकरू झोपलं होतं.

सुखराम त्याच दिवशीच्या गाडीने परत आला. डब्ब्याला नवी जाड नळी आली, चारही भोकांना आतून बारीक लोखंडी जाळी बसली. उंदीर येत नाही, गॅस जातो. एवढंच करायचं होतं, बोळ्यापेक्षा सोपं. इंग्रजी चिठ्ठीच्या जागी मी माझ्या फळ्यावरच्या अक्षरात रंगवून लिहिलं, ‘हे बांधीचं तोंड आहे. बुजवू नये.’ शहरातल्या पाहुण्यांना ते कळत नाही. ते विचारतात, मावशी, म्हणजे काय? मग मी त्यांना पायरीवर बसवते आणि सगळं सांगते, रेग्युलेटरसकट. भाऊजी म्हणाले, कळेल असं लिहा ना. मी म्हटलं, नाही. विचारू द्या त्यांना. न विचारल्याने काय होतं ते आपण बघितलं आहे.

तन्वीचं पत्र येतं दर थंडीत, त्यात चमच्यासारख्या चोचीचं पाखरू काढलेलं असतं. त्या दिवसाचं तिला काही आठवत नाही. तिने विचारलं तर मी सांगणार आहे.

आज सकाळी तणशीचा वास आला, गाठोड्यापाशी हात थांबला, आणि मी पदर खोचून डब्ब्याकडे निघाले. धुक्यात डब्बा अर्धाच दिसत होता. या मोसमातले पहिले पाहुणे संध्याकाळी यायचे आहेत. गुडघे आता कुरकुरतात, तरी गाडीला धरून खाली बसले, बघते तो सुखराम आधीच डब्ब्याखाली, कोपरावर टेकून जाळीला बोट लावून वारा बघतो आहे. मला बघून त्याने भुवई उडवली.

‘काऊन जी बाई, रोज मी पाहातो तं मांगून तुमीही पाहाले येता. भरोसा नाही का माह्यावर?’

‘तुझ्यावर आहे गा,’ मी म्हटलं. ‘माझ्यावर नाही.’

तो अंग चोरून बाजूला सरकला आणि माझ्यापुरती जागा केली.

‘मंग या,’ म्हणाला, ‘वाका.’